अपरिहार्य, पण कोणाला?

प्रश्न असा आला आहे: नववीच्या वर्गात शांतता-शिक्षणाच्या तासाला ‘युद्ध लवकर संपवण्यासाठी हिरोशिमावर अणुबाँब टाकणे अपरिहार्य होते’ हे वाक्य फळ्यावर लिहून त्याची उलटतपासणी घ्यायची आहे. तर इथे ‘अपरिहार्य’ बरोबर की ‘अनिवार्य’? आणि ‘अटळ’ व ‘आवश्यक’ यांच्यापासून ते वेगळे कसे?

प्रश्न चांगला आहे, पण शब्द पाहूनच डोकं तापलं. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा प्रयोग कुठे भेटतो? जिथे कारण सांगायचं नसतं तिथे. गाडी रद्द, सभा तहकूब, वक्ते गैरहजर; सगळं अपरिहार्य कारणास्तव. कारण कळवतो म्हणायचं आणि नेमकं तेच गिळायचं. युद्धांच्या इतिहासातही या शब्दाला हीच नोकरी लागली आहे.

‘आवश्यक’ म्हणजे गरजेचं, त्यात वेळ घालवत नाही. ‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचं निवारण होत नाही ते. मूळ शब्द उत्तम, पण ‘उपस्थिती अनिवार्य’ लिहून लिहून त्याचा अर्थ आता ‘सक्तीचं’ एवढाच उरला. ‘अनिवार्य हाच शुद्ध शब्द’ असं ठासून सांगणारी मंडळी अजून आहेत. त्यांनी आपलं म्हणणं वर्गात मांडून पाहावं. मुलांना वाटेल की बाँब टाकायची सक्ती होती आणि न टाकल्यास दंड पडणार होता.

‘अटळ’ मात्र जरा पाहण्यासारखा आहे. तो ‘टळणे’पासून आला, ‘टाळणे’पासून नव्हे. संकट टळतं, ते आपणहून. टाळतं ते माणूस. म्हणून अटळ गोष्टीत कर्ता नसतो. सूर्यास्त अटळ आहे. ‘अपरिहार्य’ची घडण वेगळी: परि + हृ, त्याला ण्यत् प्रत्यय आणि पुढे नकाराचा ‘अ’. ण्यत् हा ‘कृत्य’ प्रत्ययांपैकी, म्हणजे धातूला ‘करण्याजोगं’ असा अर्थ जोडणाऱ्यांपैकी, आणि या प्रत्ययाच्या पोटात कर्ता दडलेला असतो. ‘कार्य’ म्हटलं की ‘कोणी करायचं?’ हा प्रश्न आलाच. तसंच ‘अपरिहार्य’ म्हटलं की ‘कोणाला?’ विचारावंच लागतं. कोशकार ‘टाळता न येणारे’ एवढं लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात, तिथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. कारण पाणिनीने कृत्य प्रत्ययांना दिलेल्या अर्थांपैकी दोन इथे महत्त्वाचे आहेत: एक शक्यतेचा, दुसरा योग्यतेचा. म्हणजे अपरिहार्य हे ‘जे टाळता येत नाही’ तेही असेल आणि ‘जे टाळू नये’ तेही. युद्धाचं समर्थन करणारा एका अर्थाने दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या अर्थाच्या खिडकीतून बाहेर पडतो. ‘दुसरा मार्गच नव्हता’ म्हणत सुरुवात करतो आणि ‘जे केलं ते योग्यच केलं’वर येऊन थांबतो. मधला सांधा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गीतेतच पाहा. ‘तस्मादपरिहार्येऽर्थे न त्वं शोचितुमर्हसि’ हा दुसऱ्या अध्यायातला २७वा श्लोक. तिथे अपरिहार्य काय आहे? जन्मलेल्याचं मरण. युद्ध नव्हे! लढण्यासाठी श्रीकृष्ण अर्जुनाला पुढे स्वधर्माची वेगळी कारणं देतो. पण आपल्या सभांमधून हा श्लोक असा काही म्हटला जातो, की जणू युद्धालाच ते विशेषण लावलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ‘परिहार’ म्हणजे फक्त टाळणं नव्हे. शास्त्रग्रंथांत आक्षेपाच्या खंडनाला परिहार म्हणतात. मनुस्मृतीत (८.२३७) ‘धनुःशतं परीहारो ग्रामस्य स्यात् समन्ततः’ असं आहे, म्हणजे गावाभोवती शंभर धनुष्यं रुंदीची, नांगर न लावता गुरांसाठी मोकळी सोडलेली जमीन. आणि तिसरा, माझा लाडका परिहार नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८व्या राज्यवर्षातला तो लेख. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, आज्ञा धाडतो: पूर्वी उषवदाताकडे (क्षत्रप नहपानाच्या जावयाकडे) असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही भिक्षूंना देत आहोत, आणि या शेताला परिहार देत आहोत. मग परिहारांची यादी येते. ‘अपावेस’, म्हणजे राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. ‘अनोमस’, हात लावायचा नाही. ‘अलोणखादक’, मिठासाठी खणायचं नाही. अशी कलमं होता होता ‘सवजातपारिहारिक’, सगळ्या प्रकारचे परिहार. पुढे वाकाटकांच्या ताम्रपटांत हेच ‘अभटच्छात्रप्रावेश्य’ असं येतं. त्यातला भट म्हणजे सैनिक. लढवय्या. त्याला त्या गावात मज्जाव.

पुराभिलेखवाले याला ‘करमाफी’ म्हणून मोकळे होतात. करमाफी त्यात आहेच, मिठाचं कलम उगाच नाही. पण यादीत पहिलं कलम कोणतं, ते तरी बघा! नुकतंच युद्ध जिंकलेला राजा, खुद्द छावणीत बसून, जमिनीच्या एका तुकड्यापुरता स्वतःच्याच माणसांना अडवतो. माझ्या मते परिहाराचा गाभा हाच: सत्ता जिथे जाऊ शकते तिथे न जायचं ठरवते. हे मान्य केलं तर अपरिहार्य म्हणजे जिथे असा परिहार कोणी दिलाच नाही ते. नसणं आणि न देणं यांत फरक आहे. व्याकरणवाले या व्युत्पत्तीला हसतील. हसू देत.

बरं, हिरोशिमा. तासाला मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: परिहार कोणकोणते होते आणि ते कोणी दिले नाहीत? तारखा फळ्यावर मांडल्या तरी पुष्कळ काम होतं. २५ जुलै १९४५ ला बाँब टाकण्याचा लेखी आदेश निघाला: साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा. जपानने शरण यावं असं बजावणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला २६ जुलैला. म्हणजे इशाऱ्याच्या आदल्या दिवशी आदेश. सम्राटाची गादी राहू शकेल असं सुचवणारा मजकूर त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात होता, तो काढला गेला; शेवटी गादी राहिलीच. ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. नागासाकीचा तर वेगळा निर्णयसुद्धा झाला नाही, कारण ‘पुढचे बाँब तयार होतील तसे’ हे मूळ आदेशातच होतं. ठरलेली तारीख ११ ऑगस्ट, ती हवामान बिघडणार म्हणून ९ वर आणली. त्या दिवशी पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे खालचं दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. दृश्यमानतेवर शहर बदलतं आणि आपण त्याला अपरिहार्य म्हणतो.

इथे कोणीतरी हमखास ‘मोकुसात्सु’ काढतो. पंतप्रधान सुझुकींनी जाहीरनाम्यावर हा शब्द वापरला, तो ‘मौन पाळतो’ की ‘झिडकारतो’ याच्या भाषांतरात चूक झाली आणि त्यापायी बाँब पडला, अशी ती कथा. आम्हा शब्दवेड्यांना फार आवडते, कारण तिच्यात भाषांतरकार जगाचं भवितव्य ठरवतो. पण सुझुकी बोलले २८ जुलैला, आदेश २५ चा. कथा तिथेच आटोपते.

दुसरा शब्द आकड्यांतला. माजी युद्धमंत्री स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ च्या हार्पर्स मासिकात लिहिलं की जपानवर चढाई केली असती तर एकट्या अमेरिकी सैन्यात दहा लाखांहून जास्त ‘कॅज्युअल्टी’ झाल्या असत्या. कॅज्युअल्टी म्हणजे मेलेले, जखमी, बेपत्ता सगळे मिळून. मराठीत त्याला ‘हताहत’ हा नेमका शब्द आहे, हत आणि आहत. पण लोकांच्या तोंडी त्याचे ‘दहा लाख जीव वाचले’ झाले. बाँब टाकला तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन यांच्या १९५५ च्या आठवणींत आकडा पाच लाख अमेरिकी जीव असा आहे. आणि १८ जून १९४५ च्या बैठकीत अमेरिकी लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचा अंदाज होता की जपानच्या क्युशू बेटावरच्या चढाईत पहिल्या ३० दिवसांचं नुकसान फिलिपिन्समधल्या लुझोनच्या लढाईपेक्षा जास्त होऊ नये. लुझोनचा आकडा ३१,००० हताहत. तो फक्त पहिल्या महिन्याचा, हे खरं. तरी हे तीन आकडे मुलांना शेजारीशेजारी दाखवाच.

शांततावादी मंडळींनाही सोडत नाही. ‘जपान शरण येणारच होता’ हे वाक्यसुद्धा अपरिहार्यतेचंच आहे, फक्त उलट दिशेने. १९४६ च्या अमेरिकी बाँबहल्ला-पाहणी अहवालाने बाँबशिवायही जपान वर्षअखेरीच्या आत शरण आलाच असता असं म्हटलं, ते लोक आवडीने उद्धृत करतात. पण ९ ऑगस्टला, नागासाकीची बातमी आल्यावरही, जपानच्या सर्वोच्च सहा जणांच्या मंडळात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होती आणि ती फोडायला सम्राटाला बोलावं लागलं. तिथेही ‘कोणाला?’ विचारलं पाहिजे.

कर्त्यावरून आठवलं. हिरोशिमाच्या स्मारकावरचं वाक्य ‘शांतपणे विसावा, चूक पुन्हा होणार नाही’ अशा अर्थाचं आहे. जपानीत कर्ता गाळता येतो, म्हणून चूक कोणाची ते त्यात नाहीच. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाविनोद पाल १९५२ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. वाद अजून मिटलेला नाही. मराठीतून त्यावर बोलणाऱ्याने आधी आपल्याकडे पाहावं. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘हिरोशिमावर बाँब पडला’ असंच म्हणतात, वर मी स्वतः मोकुसात्सुची कथा सांगताना ‘पडला’ म्हटलं तसं. पाऊस पडतो, भाव पडतात. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं गेली, ती काही पडण्याने नव्हे.

तर विचारलं होतं त्याचं उत्तर: फळ्यावर ‘अपरिहार्य’च लिहा, कारण समर्थक तोच शब्द वापरतात आणि तपासायचा तोच आहे. त्याखाली ‘कोणाला?’ आणि ‘टाळता येत नव्हतं की टाळायचं नव्हतं?’ एवढे दोन प्रश्न पुरेत. ‘पडला’ खोडून ‘टाकला’ करा. ‘बळी’ आणि ‘हताहत’ यांची सरमिसळ करू नका. आणि ‘अनिवार्य’ हजेरीच्या सूचनेत आहे, तिथेच बरा आहे.