बीएला तत्त्वज्ञान घेऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरची, यंदा बारावी आर्ट्स झाली. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र होतं आणि तेवढा एकच विषय मी परीक्षा नसली तरी वाचत बसायचे. आता बीएला मेजर म्हणून तत्त्वज्ञान घ्यायचं मनात आहे. पप्पा पॉवरलूमवर कामाला आहेत, ते काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांना पसंत नसणार. आत्या म्हणायलीय हे शिकून पोरगी काय मठात जाऊन बसणारे का, आणि दादा म्हणतो यूपीएससीला चालतंय म्हणून घे. मला काय करावं सुचेना.

उत्तर : आधी आत्याचं बघू, कारण तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म असं निम्म्या गावाला वाटतं. अगं, आपल्याकडच्या दर्शनांमध्ये, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या जुन्या परंपरांमध्ये, देव, परलोक काहीच न मानणारे चार्वाकसुद्धा आहेत, आणि बाकीच्यांना त्यांना उत्तर देताना घाम फुटलाय. न्याय हे त्यातलंच तर्काचं दर्शन, त्या न्यायवाल्यांचं ठरलेलं उदाहरण घे, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथं आग आहे. तुझ्या आजोबांच्या काळात चिमणीतून धूर निघाला की गिरणी सुरू झाली हे लोकांना घरबसल्या कळायचं, तसंच हे. चार्वाक विचारतो, जगातला सगळा धूर तू बघितलास का, मग 'जिथं धूर तिथं आग' हे कशावरून? बरं उलटं करून बघ, जिथं आग तिथं धूर असं म्हणता येईल? नाही, लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते पण धूर नसतो, धुराला ओलं सरपण लागतं, आणि त्या ओल्या सरपणाला, म्हणजे मधल्या लपलेल्या अटीला, नैयायिक (हेच न्यायवाले) 'उपाधी' म्हणतात. अनुमानावर कधी विसंबायचं हाच प्रश्न अठराव्या शतकात ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानेही वेगळ्या वाटेनं विचारला. हे वाचताना तुला झोप न येता पुढं काय असं झालं असेल तर विषय तुझा आहे, माझ्या मते एवढी एकच कसोटी खरी.

दादाचं म्हणणं चूक नाही, तत्त्वज्ञान यूपीएससीला वैकल्पिक विषय आहे, 250 मार्कांचे दोन पेपर, आणि 2013 पासून नीतिशास्त्राचा वेगळा 250 मार्कांचा पेपर सगळ्यांनाच आहे. पण वैकल्पिक विषय कुठलीही डिग्री असली तरी नंतर घेता येतो, त्यासाठी तीन वर्षं नको असलेला विषय ओढत बसू नकोस.

आता पैशाचं, आणि हे मी गोड करून सांगणार नाही. नुसत्या तत्त्वज्ञानाच्या बीएवर थेट नोकरी मिळत नाही. शाळेत हा विषय नाही, सीनियर कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते आणि जागा थोड्या निघतात. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी ही मला सगळ्यात जवळची वाट वाटते, युक्तिवाद उलटसुलट तपासायची सवय तिथं रोज कामाला येते. म्हणून मायनरला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असं काहीतरी धर आणि इंग्रजी वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लाव, कारण वरच्या वर्गांची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत अगदीच काही नाही असं नाही हं, दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आहे, लायब्ररीत मागून बघ.

फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचार, मेजर शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का आणि विषयाला कायमचे शिक्षक आहेत का. एखाद्या तासाला मागं बसू दिलं तर बसच.

आणि पप्पा गप्प आहेत म्हणजे त्यांना पसंत नाही हे तुझं अनुमान आहे, तेही कच्चं. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर तसाही कमी बोलतो. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासमोर फीचा आकडा आणि एलएलबीचा बेत दोन्ही ठेव, आणि त्यांनाच विचार.