आर्मी रिझर्व्हच्या ड्रिल युनिटमधून परत आयआरआरमध्ये जाता येतं का?

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हपुरतं, म्हणजे तिथल्या राखीव लष्करापुरतं सांगतो. ड्रिल युनिट म्हणजे ठरलेल्या वीकेंडना सराव (ड्रिल) करणारी तुकडी, आणि आयआरआर (इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह) म्हणजे नियमित ड्रिल नसलेल्या राखीव सैनिकांची यादी. येतं, पण आधी करार काढून वाचा. ड्रिलची वर्षं शिल्लक असतील तर प्रकरण अडतं. बोनस घेतला असेल तर त्यातला काही भाग परत मागू शकतात. तशी अडचण नसेल तर बदलीच्या विनंतीचा डीए फॉर्म ४६५१ भरून युनिटमार्फत पाठवा.

बदलीची ऑर्डर हातात पडेपर्यंत ड्रिल मात्र चुकवू नका. इथेच बरेच जण फसतात. वर्षभरात विनापरवानगी ९ गैरहजेऱ्या झाल्या की 'सहभाग असमाधानकारक' असा शेरा बसतो, आणि एका नेहमीच्या वीकेंडला ४ सत्रं धरतात, म्हणून तो बुडवला की ४ गैरहजेऱ्या मोजतात!

आयआरआरमध्ये गेल्यावर ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हा आरोग्य विमा बंद. निवृत्तीवेतनासाठी वर्ष धरलं जायला त्या वर्षी सेवेचे ५० पॉइंट लागतात, नुसत्या सदस्यत्वाचे १५च मिळतात. आणि हो, सक्रिय सेवेचं बोलावणं तिथेही येऊ शकतं.