पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जंगलात आम्ही गवळी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून राहतो. वनहक्काचा अर्ज दिलाय, पण वनखात्याचा गार्ड म्हणतो, पंचाहत्तर वर्षांचा कागद दाखवा, नाहीतर वाडा सोडा. कागद कुठून आणू?

उत्तर: तुमचा दावा फेटाळायचा गार्डला अधिकारच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे. कर्नाटकात गवळी अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, हे खरे. पण ती त्या भागातली वस्ती. त्याच तुकड्याचा १९३० सालचा उतारा नव्हे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो; जुनी विहीर, बांध, दफनाची जागा, देवाचे ठिकाण चालते. असे किमान दोन पुरावे जोडा.

एका गवळीवाड्यावर एका आजींनी पाचोळा सारून मला जोत्याचे दगड दाखवले होते. "इथं माझ्या सासूचं बाळंतपण झालं," म्हणाल्या. त्या दगडांची नोंद करून घ्यायचे तोवर कुणाला सुचलेच नव्हते. तुम्ही ग्रामसभेच्या वनहक्क समितीला जागेवर बोलवा आणि करून घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते. पडताळणी पुरी होईपर्यंत तुम्हाला उठवता येत नाही, कलम ४(५) वाचून दाखवा. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो, तेव्हा बायकोचे नाव अर्जातच घाला.

प्रश्न: पंचायतीत मराठी अर्ज घेत नाहीत. आमच्या गल्लीत गटार नाही.

उत्तर: संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. हक्क सोडू नका. पण भाषेच्या वादात गटार अडकू नये, म्हणून मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावा लागतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. दोन्ही वेळा सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असे उद्या तेच म्हणतील.

प्रश्न: माझे माहेर महाराष्ट्रातले चंदगड, सासर कर्नाटकात बेळगावजवळ. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर पंचायतीला उभी राहू का?

उत्तर: हे सांगताना मला वाईट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सांगितले आहे, की एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्याच्या सवलतींसाठी सोबत येत नाही. पाच-दहा कोसांवर लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांना हा फटका बसतो. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सर्वसाधारण महिला जागेवर जरूर उभ्या राहा. नवरा इथलाच असेल, तर मुलांचा दाखला त्याच्यावरून इथेच मिळेल.

प्रश्न: आईला देवदासी म्हणून यल्लम्माला सोडलं होतं. फॉर्मवर वडिलांचे नाव काय घालू?

उत्तर: खोटे नाव अजिबात घालू नका, पुढे प्रत्येक कागदावर तेच अडवेल. पासपोर्टला २०१६ पासून एकाच पालकाचे नाव चालते. आई एकल पालक असेल तर पॅन कार्डाला २०१८ पासून वडिलांच्या नावाची सक्ती नाही. कॉलेजच्या क्लार्कने हटून बसायचे ठरवले तर नकार लेखी मागा आणि तो कागद घेऊन तालुका कोर्टातल्या कायदा सेवा समितीत जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. फोन १५१००.