धुरा हाती घेतात का?

प्रश्न असा आहे: सैन्यदलाचे प्रमुख बदलले की बातम्यांत 'पदभार स्वीकारला', 'सूत्रे हाती घेतली' आणि 'धुरा हाती घेतली' असे तीन प्रयोग दिसतात. तिन्ही चालतील का? आणि या प्रसंगाला 'बढती' म्हणावे का?

पहिले दोन चालतील, 'धुरा हाती घेतली' हे मात्र लिहू नये. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू, बैलाच्या मानेवर येते ते. त्यामुळे धुरा वाहतात, सांभाळतात, खांद्यावर घेतात. 'धुरंधर' म्हणजे ती धुरा पेलणारा. 'सूत्रे हाती घेणे' आणि 'धुरा सांभाळणे' यांची घाईत सरमिसळ होते आणि जू हातात येते. बैलगाडी रोजच्या पाहण्यातून गेली, म्हणून ही चूक आता कुणाच्या कानाला टोचतही नाही. मला टोचते.

'पदभार' बिनचूक आहे, पण तो तहसीलदारापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना लागू पडतो. सैन्यातल्या बदलाला 'सूत्रे' जास्त शोभतात, कारण तिथे हातातून हातात काहीतरी खरोखरच जाते. 31 डिसेंबर 2019 रोजी जनरल बिपिन रावत यांनी आपले पुण्याचे मनोज नरवणे यांच्याकडे लष्करप्रमुखपद सोपवले, तेव्हाचे छायाचित्र आठवा: दोघांच्या हातांत मिळून एकच बॅटन, म्हणजे अधिकाराचा आखूड दंड. 30 एप्रिल 2022 ला नरवण्यांनी ते पद नागपूरच्या मनोज पांडे यांच्या हवाली केले. एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाकडे भारतीय लष्कराची सूत्रे दिली, हे वाक्य लिहिताना आजही ऊर भरून येतो. एक पथ्य पाळा, इथे 'सूत्रे' अनेकवचनीच हवे. 'सूत्र हाती घेतले' म्हटले की गणिताचे सूत्र आठवते.

आता बढती. हुद्दा आणि पद एरवी आपण एकाच अर्थाने वापरतो, पण सैन्याबद्दल लिहिताना ते वेगळे ठेवलेले बरे. लेफ्टनंट जनरल हा हुद्दा, उपप्रमुख हे पद. बढती हुद्द्याची होते, सूत्रे पदाची घेतात. नरवणे आणि पांडे दोघेही आधी उपप्रमुख होते. प्रमुख होताना दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या, म्हणून बातमीत गल्लत होते. बढतीची खूण अंगावर दिसते: कॉलरच्या लाल पट्टीवर लेफ्टनंट जनरलचे तीन तारे असतात, जनरलचे चार होतात. खांद्यावरच्या तलवार-बॅटनच्या फुलीला आणि अशोकस्तंभाला एका ताऱ्याची जोड मिळते. ('बढती' हिंदी वळणाची म्हणून काहींना नको असते. ती आपल्या 'वाढणे'चीच सख्खी बहीण, दोघींचे मूळ संस्कृत 'वर्ध्'. बिनदिक्कत वापरा.)

आपल्याकडे या दोन्हींना कवेत घेणारा एक जुना शब्द होता: वस्त्रे. 1720 साली शाहू महाराजांनी तरुण बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. सेनापतिपदाचीही वस्त्रेच दिली जात. मान आणि अधिकार एकाच वेळी अंगावर चढत. आज बातमीत हा शब्द नाटकी वाटेल, तरी अग्रलेखात एखाद्या वेळी वापरून पाहावा असे मला मनापासून वाटते.

सूत्र म्हणजे मुळात दोरा, दोरी. सुताराचे नावही 'सूत्रधार'वरूनच आले, मापाची दोरी धरणारा तो. पलटणीत कमांडिंग ऑफिसर बदलतो तेव्हा निरोपाच्या दिवशी त्याला फुलांनी सजवलेल्या उघड्या जीपमध्ये उभे करतात, इंजिन बंद ठेवतात आणि त्याचे अधिकारी जीपला दोर बांधून ती फाटकापर्यंत ओढत नेतात. सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेलेली असतात, आणि हे दोर कालपर्यंत त्याचे हुकूम झेलणाऱ्यांच्या हातात.