वाचकांचे प्रश्न : सहा वर्षांच्या नर कुत्र्याची नसबंदी करावी का?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर जातीचा नर कुत्रा सहा वर्षांचा आहे. अलीकडे तो शौचाला बसला की बराच वेळ कुंथतो आणि विष्ठा चपटी, फितीसारखी पडते. त्याच्या अंथरुणावर रक्ताचे थेंबही दिसले. पशुवैद्यांनी तपासून प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे सांगितले आणि नसबंदी सुचवली. औषधाने भागत असेल तर या वयात त्याला भूल देऊ नये, शिवाय शस्त्रक्रियेनंतर तो लठ्ठ आणि मलूल होईल, असे माझ्या पतींना वाटते. माझी बहीण म्हणते, की हे काम तो सहा महिन्यांचा असतानाच उरकायला हवे होते. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे असणाऱ्या कुत्र्याची, आवश्यक तपासण्या करून, नसबंदी (म्हणजे दोन्ही वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया) करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी तरुण कुत्र्याबाबत हाच प्रश्न विचारला असता, तर मी इतक्या ठामपणे उत्तर दिले नसते.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून आणि गुदाशयाच्या अगदी खाली असते. वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाने ती वयाबरोबर वाढत जाते. नसबंदी न केलेल्या, पाच वर्षांवरील बहुसंख्य नरांमध्ये ती कमी-अधिक वाढलेली आढळते, मात्र त्यांतील अनेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. त्रास होतो तो वाढलेली ग्रंथी वरच्या बाजूने गुदाशयावर दाब देऊ लागली म्हणजे. विष्ठा चपटी होते ती यामुळेच. लघवीशी संबंध नसताना रक्ताचे थेंब गळणे हेही या विकाराचे नेहमीचे लक्षण आहे. वृषणे काढल्यावर ग्रंथीला वाढवणारा संप्रेरकाचा पुरवठाच थांबतो आणि साधारण तीन आठवड्यांत तिचा आकार निम्म्याच्या आसपास येतो.

परंतु शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी ही वाढ साधीच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पशुवैद्य हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात, तेव्हा साध्या वाढीत ग्रंथी दोन्ही बाजूंनी सारखी, गुळगुळीत लागते आणि दाबल्यावर कुत्रा सहसा कळवळत नाही. ती खडबडीत, दगडासारखी टणक किंवा दुखरी लागली, तर संसर्गाचा किंवा कर्करोगाचा विचार करावा लागतो. म्हणून सोनोग्राफी, लघवीची जंतुतपासणी आणि दोन्ही वृषणांची तपासणी आवश्यक आहे. संसर्ग असल्यास आधी काही आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. कर्करोगाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथेच दूर करतो : नसबंदीमुळे वृषणांचा कर्करोग अर्थातच टळतो, पण प्रोस्टेटचा टळत नाही, तो नसबंदी झालेल्या कुत्र्यांनाही होतो.

आपल्या पतींची भुलीविषयीची काळजी मी हलकी मानत नाही, मात्र वय हा स्वतः काही आजार नव्हे. रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी समाधानकारक असेल, तर सहा वर्षांच्या कुत्र्याला ही भूल सहसा चांगली सोसते. वृषणे शरीराबाहेर असल्याने पोट उघडावे लागत नाही आणि बहुतेक कुत्रे त्याच दिवशी घरी येतात. औषधांचा पर्यायही आहे. ओसाटेरॉन या गोळ्या सात दिवस दिल्यावर ग्रंथी काही महिने लहान राहते, पण पुढे ती पुन्हा वाढते आणि उपचार पुन्हा करावा लागतो. त्वचेखाली बसवायचे डेस्लोरेलिनचे इम्प्लांट सहा महिने ते वर्षभर काम करते, मात्र सुरुवातीचे काही दिवस त्याने टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, त्यामुळे त्रासही तात्पुरता बळावू शकतो. हृदयविकारासारख्या कारणाने भूल धोक्याची ठरणार असेल, तर मी हे उपाय जरूर सुचवीन. आपला कुत्रा मुळात भित्रा असेल आणि भीतीपोटी गुरगुरत असेल, तरीही आधी इम्प्लांट देऊन त्याचे वागणे पाहावे, कारण नसबंदीने तो स्वभाव सुधारत नाही, कधी कधी बिघडतोही. एरवी कमी होते ते भटकणे, जागोजागी मुतून खूण करणे आणि अंगावर चढणे. माणसांविषयीची माया आणि खेळकरपणा जात नाही.

लठ्ठपणाची भीती मात्र खरी आहे, आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर अधिकच. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज घटते. म्हणून टाके भरताच खाणे सुमारे पाव भागाने कमी करावे, ते डोळ्यांच्या अंदाजाने न देता मोजून द्यावे आणि दर पंधरवड्याला वजन करावे. वजन वाढले तर दोष शस्त्रक्रियेवर ढकलता येणार नाही, हे घरातील सर्वांनी आधीच मान्य करावे.

बहिणीच्या म्हणण्यामुळे आपण मनाला लावून घेऊ नये. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ वाढत असतात आणि ती वाढ वेळेवर थांबण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 साली गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार नसबंदी न झालेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळला होता. थांबल्याने आपल्या कुत्र्याचे सांध्यांच्या दृष्टीने भलेच झाले असण्याचा संभव आहे. ज्या पिल्लाचे एक वृषण खाली उतरलेलेच नाही, त्याची गोष्ट वेगळी : पोटात अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असल्याने ते काढणे टाळू नये.

शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर ठेवावी, म्हणजे तो टाके चाटणार नाही. महिनाभर तरी त्याला माजावर आलेल्या मादीपासून दूर ठेवावे, कारण नलिकांत उरलेल्या शुक्राणूंमुळे गर्भधारणा होऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वीच त्याला ताप आला, पोट दुखू लागले किंवा लघवी अडली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. नसबंदीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. तोपर्यंत ग्रंथी लहान झाली नसेल, तर दुसरा आजार आहे असे धरून पुढील तपासण्या लगेच सुरू कराव्यात.