तुम्ही विचारा : जुन्या पीसीला कॅश बसवताना

प्रश्न : नाशिकला अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पेंटियम १३३ चा पीसी अजून रोज चालतो. मोजमाप यंत्राचं कार्ड जुन्या आयएसए स्लॉटचं आणि प्रोग्रॅम डॉसचा, त्यामुळे नवा पीसी घेऊन उपयोग नाही. चालू होताना तक्त्यात कॅश मेमरीसमोर ‘नन’, म्हणजे काही नाही, असं येतं. बोर्डवर एक लांब स्लॉट रिकामा आहे. रॅम ३२ एमबीची ९६ करा, असंही एकाने सुचवलं. काय करावं?

उत्तर : आधी कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, बसवा, रॅमला हात लावू नका. पेंटियमच्या पोटात ८ केबी प्रोग्रॅमसाठी आणि ८ केबी डेटासाठी एवढीच कॅश (एल१) असते. तिच्यात न सापडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी प्रोसेसर रॅमच्या दारात ताटकळतो. मध्ये २५६ केबीची एल२, म्हणजे दुसऱ्या पातळीची, कॅश आली की हा खोळंबा बराच कमी होतो. सलग चार वाचनांना पाइपलाइन बर्स्ट कॅश ३-१-१-१ घड्याळठोके घेते, तर त्या काळच्या ईडीओ रॅमला साधारण ७-२-२-२ लागतात.

तुमचा रिकामा स्लॉट बहुधा ‘कोस्ट’ (पट्टीवरची कॅश) मॉड्यूलचा आहे. त्याला १६० संपर्क असतात आणि मधली खाच एका बाजूला सरकलेली असते. मॉड्यूल जुन्या सामानातच मिळेल. महात्मा गांधी रोडवर चौकशी करा, नाहीतर मुंबईचं लॅमिंग्टन रोड. घेताना ‘२५६ केबी, पाइपलाइन बर्स्ट’ असंच मागा. जुन्या, असिंक्रोनस प्रकारचं मॉड्यूल दिसायला तसंच असतं, स्लॉटमध्ये बसतंही, पण बोर्डला चालेलच असं नाही. कोस्टच्याही आवृत्त्या वेगळ्या आहेत, म्हणून परत घेण्याच्या बोलीवरच घ्या.

बसवण्याआधी बायोसमधली (पीसी चालू होताना आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममधली) हार्ड डिस्कची माहिती (सिलिंडर, हेड, सेक्टर) कागदावर उतरवून घ्या आणि प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवा. जुन्या बोर्डची बॅटरी बेभरवशाची असते, आणि हे आकडे गेले तर डिस्क सापडत नाही. वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मगच मॉड्यूल उचला. सोनेरी संपर्क मळलेले असतील तर मऊ खोडरबर हलकेच फिरवा आणि चुरा ब्रशने झाडा. ७२ पिनांची रॅम तिरकी घालून उभी करतात. हे मॉड्यूल तसं बसवू नका, ते सरळ खाली दाबायचं असतं. दाबताना बोर्ड खाली वाकतोय असं दिसलं तर थांबा आणि बोर्ड बाहेर काढून, खाली फोम ठेवून बसवा. वाकलेल्या बोर्डमधली बारीक रेघ तुटली तर ती शोधणं फार अवघड.

कॅशचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर त्याचा तक्ता बोर्डवरच छापलेला किंवा मॅन्युअलमध्ये सापडेल. प्रोसेसरजवळचे जंपर मात्र मुळीच हलवू नका. ते व्होल्टेजचे असू शकतात. मग बायोसमध्ये ‘एक्स्टर्नल कॅश’ चालू करा. तक्त्यात आता २५६ केबी दिसायला हवं.

तेवढ्यावर विसंबू नका. साध्या डॉसमध्ये ‘कॅशचेक’ हा मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा. वेग ८ केबीनंतर एक पायरी उतरतो, २५६ केबीनंतर दुसरी. दुसरी पायरीच नसेल तर कॅश काम करत नाही. मशीन मध्येच अडकू लागलं तर एक्स्टर्नल कॅश बंद करून दिवसभर चालवा. अडकणं थांबलं की दोष मॉड्यूलचा किंवा त्याच्या टायमिंगचा. आणि कामाला लावण्याआधी माप ठाऊक असलेला स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) मोजून पाहा. डॉसचे काही प्रोग्रॅम कार्डाशी बोलताना रिकामे फेरे मारून वेळ काढतात, आणि वेग वाढला तर हा वेळ कमी भरू शकतो. हे फेरे सहसा एल१ मध्येच मावतात, त्यामुळे फरक पडू नये, पण मोजमापाच्या कामात खात्री हवीच.

आता ९६ एमबीचं. चिपसेटवरचा, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि कॅश यांना जोडणाऱ्या मुख्य चिपेवरचा, क्रमांक वाचा. ८२४३७एफएक्स, ८२४३७व्हीएक्स किंवा ८२४३९टीएक्स असेल, तर पहिल्या ६४ एमबीलाच कॅश लागू होते. त्यावरची रॅम कॅशविना, म्हणजे संथ. ८२४३९एचएक्स ५१२ एमबीपर्यंत जातो, पण त्यासाठी बोर्डवर जादा टॅग चिप (कॅशमध्ये काय आहे याच्या नोंदी ठेवणारी) लागते. तुमच्या डॉस प्रोग्रॅमला ३२ एमबी मुबलक आहे.

प्रश्न : नाशिकरोडला माझ्याकडे ४८६ चा बोर्ड आहे. १२८ केबी कॅश होती, चार सॉकेट रिकामे. त्यात ३२के×८ च्या, म्हणजे प्रत्येकी ३२ केबीच्या, चार चिपा घातल्या, तरी १२८ केबीच दिसते.

उत्तर : टॅग चिप बदलायची राहिली असावी. कॅशमधली ओळ १६ बाइटची. १२८ केबीत अशा ८,१९२ ओळी, त्यांच्या नोंदी ८के×८ च्या टॅगमध्ये मावतात. २५६ केबीच्या १६,३८४ ओळींना ती अपुरी पडते. तिथे ३२के×८ ची चिप घाला, १५ नॅनोसेकंदांची, आणि जंपर २५६ वर लावा.

सॉकेट ३२ पायांचा आणि चिप २८ पायांची असेल तर खाचेकडची चार भोकं रिकामी सोडायची. उलटी किंवा सरकून बसली तर चिप तापून जाते. एखादा पाय चिपेखाली दुमडला गेला नाही ना, हे टॉर्च आडवी धरून बघा. वरून तो दिसतच नाही.

बोर्डला थेट डाग दिलेल्या, क्रमांकाऐवजी नुसतं ‘राइट बॅक’ छापलेल्या चिपा दिसल्या तर सावध व्हा. असल्या पोकळ नकली चिपांचे ४८६ बोर्ड बाजारात आले होते आणि बायोसही खोटाच आकडा दाखवायचा. तिथेही कॅशचेकच खरं काय ते सांगेल.

प्रश्न : गंगापूर रोडला शिकतो. लॅपटॉप संथ आहे, कॅश वाढवता येईल का?

उत्तर : नाही. आताची कॅश प्रोसेसरच्या चिपेतच कोरलेली असते. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. ब्राउझरची कॅश म्हणजे डिस्कवर साठवलेली पानं, तिचा प्रोसेसरच्या कॅशशी संबंध नाही.