आधी कोणी घ्यायची?

(‘डॉक्टरांना विचारा’, सप्टेंबर २०१०)

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो, मी भोसरीत कारखान्यात सुपरवायझर आहे. घरात पाच माणसं: आई (वय ६६, मधुमेह, गोळ्या चालू), मी, बायको (सहावा महिना चालू आहे), सात वर्षांचा मुलगा (पावसाळ्यात दमा उठतो, पंप घ्यावा लागतो) आणि शिकायला आलेला धाकटा भाऊ. स्वाइन फ्लूची लस घ्यावी का, यावरून घरात रोज वाद होतात. नाकात सोडायची लस स्वस्त आहे आणि सुई नाही, म्हणून मुलाला आणि आईला ती द्यावी असं ठरतंय. बायकोच्या पोटात बाळ असल्यामुळे तिला काहीच नको, असं तिच्या माहेरचेही म्हणतात. मी आणि भाऊ धडधाकट आहोत. पण जागतिक आरोग्य संघटनेनंच साथ संपली म्हटल्यावर लस घ्यायची तरी कशाला? शिवाय न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ सांगतो की तिकडे पूर्वी याच लसीने माणसं लुळी पडली होती. वर्षभरात घाईघाईने काढलेल्या लसीवर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी कागदावर तुमच्या घरातल्या पाच जणांची यादी केली आणि तुम्ही ठरवलेला क्रम तिच्यापुढे मांडला. तो जवळजवळ पूर्ण उलटा आहे. ज्या दोघांना तुम्ही नाकातली लस देणार आहात, त्या दोघांनाही मी ती देणार नाही. जिला काहीच द्यायचं नाही असं ठरलंय, तिची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. आणि ‘आम्हाला काय होतंय’ म्हणणारे तुम्ही दोघे भाऊ खरं तर माझ्या दवाखान्यात सगळ्यात आधी यायला हवेत.

पण आधी त्या ‘साथ संपली’चं बघू, कारण हल्ली दर तिसरा पेशंट ते ऐकवतो. १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख मार्गारेट चॅन यांनी महासाथ संपल्याचं जाहीर केलं, हे खरं. पण त्यांचं म्हणणं इतकंच होतं की आता हा विषाणू नेहमीच्या फ्लूसारखा वागू लागेल आणि पुढची कित्येक वर्षं आपल्यात फिरत राहील. काही ठिकाणी अजून मोठे उद्रेक होतील असंही त्या म्हणाल्या, आणि सावध राहून लस देणाऱ्या देशांचं उदाहरण म्हणून त्याच निवेदनात न्यूझीलंडचं आणि भारताचं नाव आहे. आरोग्य संघटनेने जाहीर केलं म्हणून पुण्याच्या पावसाने ऐकलंय असं नाही. मागच्या वर्षी ११ जूनला महासाथ जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला बळी पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा, बंद झालेल्या शाळा, मास्कचे वाढलेले भाव आणि साथ लागू नये म्हणून खिशातल्या रुमालात बांधलेली कापूर-वेलचीची पुडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. यंदा रांगा नाहीत, पुड्याही नाहीत. ताप मात्र आहे. जुलैपासून माझ्याकडे येणाऱ्या तापाच्या पेशंटांत हा विषाणू सापडतोच आहे.

आता बायकोचं. गरोदरपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, छातीला फुगायला जागा कमी पडते आणि शरीराची प्रतिकारशक्तीही थोडी नरम असते. एरवीचा फ्लू एखादीला आठवडाभर झोपवून सोडून देतो. या साथीत मात्र गरोदर बायकांना न्यूमोनिया होऊन व्हेंटिलेटरवर ठेवावं लागण्याचं प्रमाण जगभर जास्त दिसलं. म्हणूनच लस देताना गरोदर स्त्रियांना आधी धरा, असं आरोग्य संघटना पहिल्यापासून सांगते आहे. मागच्या हिवाळ्यात अमेरिका, इंग्लंडमध्ये मोठ्या संख्येने गरोदर बायकांनी ही लस घेतली. ती अर्थात इंजेक्शनची लस, मेलेल्या विषाणूची. तिच्यात जिवंत असं काही नसतं, त्यामुळे पोटातल्या बाळाला तिच्यापासून फ्लू होण्याचा प्रश्न येत नाही. उलट आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं बाळाकडे जातात, आणि जन्मल्यावर पहिले सहा महिने बाळाला फ्लूची कुठलीच लस देता येत नाही, त्या काळात तीच उपयोगी पडतात. नाकातली लस मात्र तिला अजिबात नको, कारण ती जिवंत विषाणूची आहे. तेव्हा माहेरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर धरा. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यात जा आणि इंजेक्शनबद्दल स्पष्ट विचारा. ‘बघू’ म्हणून परत येऊ नका.

नाकातल्या लसीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती आपल्या हडपसरची आहे आणि तिच्याबद्दल भलत्याच समजुती पसरल्या आहेत. सीरम इन्स्टिट्यूटने जुलैत बाजारात आणलेली ही ‘नॅसोव्हॅक’. डोस साधारण १५८ रुपयांना पडतो. जूनमध्ये आलेलं झायडस कॅडिलाचं इंजेक्शन ‘व्हॅक्सिफ्लू-एस’ ३५० च्या आसपास. नाकातल्या लसीची बाटली कोरड्या भुकटीची असते. त्यात सोबतचं पाणी घालून ती विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, सुई काढून तिच्या जागी फवारा मारणारं टोक बसवायचं आणि अर्धा मिलिलिटर दोन्ही नाकपुड्यांत निम्मा-निम्मा सोडायचा. मुलं डोळे घट्ट मिटून घेतात, मोठी माणसं त्याहून घट्ट. दुसऱ्या दिवशी नाक वाहतं, डोकं जड होतं, कधी घसा खवखवतो. फोन येतो, “मॅडम, लसीनेच स्वाइन फ्लू झाला!” तसं होत नाही. यातला विषाणू थंडीत वाढायची सवय लावलेला आहे. नाकाच्या गार हवेत तो थोडाफार वाढतो, फुप्फुसाच्या उबेत त्याला वाढता येत नाही. ही सवय लावलेला मूळ वाण रशियातला, सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेतला आहे, आणि तिकडे तो कित्येक दशकं वापरात आहे.

तुमच्या ‘घाईघाईने काढलेल्या’ शंकेचं उत्तरही यातच आहे. फ्लूची लस दरवर्षी नव्याने बनते, कारण विषाणू दरवर्षी रूप बदलतो. अंड्यात वाढवायची कृती जुनीच. बदलतो तो विषाणूचा वाण. यंदा बदलला इतकंच. बाजारात कोण काय घाईने खपवतंय, याबद्दल मला शंका असतातच. या कृतीबद्दल नाहीत.

पण जिवंत लस म्हणजे ती कोणाला चालते आणि कोणाला नाही हे बघावं लागतं. दमा असलेल्या मुलाच्या नाकात ती सोडली तर श्वासनळ्या चिडून दम्याचा झटका येऊ शकतो. म्हणून तुमच्या मुलाला नको. त्याच्यासाठी इंजेक्शनचं काय, हे त्याच्या बालरोगतज्ज्ञांनी वय आणि दम्याची स्थिती बघून ठरवावं. आईंनाही मधुमेहामुळे नाकातली नको, इंजेक्शन द्या. ‘मी पुष्कळ उन्हाळे-पावसाळे पाहिलेत’ असं त्या म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे, हे मात्र त्यांना सांगा. साठीच्या पुढच्यांना हा आजार तुलनेने कमी झाला. या विषाणूच्या जुन्या भाऊबंदांशी त्यांची लहानपणीच गाठ पडली असावी. पण एकदा झाला तर साखर वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो जड जातो, म्हणून टाळू नका. इथे घाई मात्र सूनबाईंइतकी नाही.

राहिलात तुम्ही आणि भाऊ. तुम्ही कंपनीच्या बसमधून जाता, कॅन्टीनमध्ये जेवता; तो कॉलेजात आणि मित्रांच्या खोल्यांवर. घरात ताप कोण आणणार? आई घरीच असते, बायकोही बहुतेक घरीच. दम्याच्या मुलाला लस देता आली नाही, तर त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी ती घेणं हाच त्याच्यासाठी उरलेला आडोसा. तुम्हा दोघांना नाकातली लस बिनदिक्कत चालते. घरात गरोदर बाई आहे म्हणून तुम्ही ती टाळायची गरज नाही. कॅन्सरच्या किंवा प्रत्यारोपणाच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती पार खलास झालेलं माणूस घरात असतं तर वेगळं बोलले असते.

आता न्यू जर्सीच्या चुलतभावाचं. तो थाप मारत नाहीये. गंमत म्हणजे ती गोष्ट त्याच्याच राज्यात सुरू झाली. १९७६च्या सुरुवातीला फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूसारख्या विषाणूने एक तरुण सैनिक दगावला. १९१८च्या जगभरच्या जीवघेण्या फ्लूच्या साथीची पुनरावृत्ती होणार या धास्तीने अमेरिकेने चार कोटींहून जास्त लोकांना काही आठवड्यांत लस टोचली. त्यातल्या काहींना गियाँ-बारे नावाचा नसांचा विकार झाला, हातपाय लुळे पडले. हिशेब केला तेव्हा साधारण लाख लोकांत एक जास्तीचा रुग्ण निघाला, आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. त्या फजितीचं खरं कारण मात्र दुसरं होतं: तो विषाणू तळाबाहेर पडलाच नाही. एका पारड्यात लाखात एक धोका आणि दुसरं पारडं रिकामं, मग लोक चिडणारच. आज आपलं दुसरं पारडं रिकामं नाही. आणि या वेळच्या लसीनंतर अमेरिकेत जी मोजणी झाली, तिच्यात हा धोका दहा लाखांत एखाद-दुसरा इतका कमी निघाला आहे. तुमच्या घरात पूर्वी कोणाला हा विकार झाला असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

मी स्वतः इंजेक्शन घेतलं. माझ्या कंपाउंडरने नाकातली घेतली. दोघंही कामावर आहोत.

लस कुठून घ्याल हेही महत्त्वाचं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून नाकातली लस साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्कूटरच्या डिकीत ठेवून, वाटेत बँकेचं काम उरकून माझ्याकडे घेऊन आले. बाटली हाताला कोमट लागत होती. ही लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. कोमट झालेल्या जिवंत लसीत जिवंत काय उरलं असेल कोण जाणे. मी ती वापरली नाही आणि ते माझ्यावर रागावून गेले. तेव्हा लस डॉक्टरांच्याच फ्रिजमधली घ्या, किंवा दुकानदाराकडून बर्फाच्या डब्यात घेऊन थेट दवाखाना गाठा.

शेवटचं. ११ तारखेला गणपती बसतात. आज लस घेतलीत तरी ती अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे विसर्जनापर्यंत तुम्ही पुरते सुरक्षित नाही. सूनबाईंना देखाव्यांच्या गर्दीत नेऊ नका, यंदा घरच्या आरतीवर भागवा. आणि तिला ताप-खोकला आलाच तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. सरकारी नियमांत गरोदर स्त्री ‘ब’ गटात येते, म्हणजे तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता टॅमिफ्लू हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करायचं असतं, आणि ते पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. धाप लागली, ओठ निळसर दिसले, ग्लानी आली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थेट हॉस्पिटल. नाकातली लस घेतलेल्याने मात्र पुढचे दोन आठवडे उगीच खबरदारी म्हणून टॅमिफ्लू घेऊ नये, नाहीतर ते औषध लसीलाच मारतं.

प्रश्न : मला मागच्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू होऊन गेला. यंदा लस घ्यावी का? (वय २४, कोथरूड)

उत्तर : घशातला नमुना राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासून पॉझिटिव्ह आला होता का? आला असेल तर या विषाणूविरुद्धची तुझी प्रतिकारशक्ती तयार झालेली आहे, लसीची गरज नाही. ‘सगळ्यांना होता, मलाही ताप होता, म्हणजे तोच असणार’ एवढाच पुरावा असेल तर तो धरू नकोस. मागच्या पावसाळ्यात डेंगी आणि टायफॉइडचे पेशंटही स्वाइन फ्लू समजून घरी बसले होते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, त्यातून चातुर्मास चालू. लस अंड्यात बनते असं कळलं. काय करावं? (सांगली)

उत्तर : कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवतात, हे खरं आहे, नंतर तो शुद्ध करून घेतात. अंडं खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठणाऱ्याने किंवा श्वास कोंडणाऱ्याने ही लस घेऊ नये, हा २०१० मधला वैद्यकीय नियम. तुम्ही अंडं कधी खाल्लंच नसेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा आणि लसीनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. व्रताचं म्हणाल तर तो तुमचा प्रश्न, मी त्यात पडणार नाही. पण औषधाच्या बहुतेक कॅप्सुलांचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, आणि त्या तुम्ही आजवर घेत आला असाल, एवढं ठरवताना लक्षात असू द्या.